फोर्ज्ड म्हणून गळ्यात मारलेला क्रँक

हे लिहायला तसा उशीरच झालाय, कारण दोन महिने स्वतःचीच लाज वाटत होती. कोल्हापूरचा माणूस मी, बाबांची तीस वर्षं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत गेली, लहानपणी सुट्टीत डबा द्यायला जायचो तेव्हा साचे, भट्टी, ओतकाम सगळं डोळ्यासमोर, आणि इकडे ओहायोत येऊन इंजिनाचा ओतीव क्रँक (पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा मुख्य दांडा) फोर्ज्ड, म्हणजे तापवून ठोकून घडवलेला आणि जास्त मजबूत, समजून रोख पैसे मोजून घरी आणला. मित्र अजून हसतात. हसू द्या, पण निदान तुमच्यापैकी कोणाचे तरी पैसे वाचावेत.

तर झालं असं, की मी शेवरोलेची 1979 ची कॅमॅरो घेतली होती, 350 क्युबिक इंच इंजिनवाली. आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये अँटीफ्रीझ न घालता नुसतं पाणी ठेवलेलं, इकडच्या थंडीत त्याचा बर्फ झाला आणि ब्लॉक, म्हणजे सिलेंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा, चिरला. म्हटलं आता ब्लॉक बदलायचाच आहे तर 383 स्ट्रोकरच करू की. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ती वाढवली की तो स्ट्रोकर. शेवरोलेच्या 350 चा स्ट्रोक 3.48 इंच, त्याच घराण्यातल्या 400 चा 3.75. पूर्वी लोक 400 चा क्रँक घेऊन त्याचे मेन जर्नल (ब्लॉकमधल्या बेअरिंगवर टेकणारे गोल भाग) 2.65 वरून 2.45 इंचावर घासायचे आणि 350 च्या ब्लॉकमध्ये बसवायचे, बोअर (सिलेंडरचा व्यास) 30 थाऊ, म्हणजे इंचाचे 30 हजारांश, मोठा केला की झालं 383 क्युबिक इंच, म्हणजे साधारण 6.3 लिटर. आता घासत बसावं लागत नाही, तयार क्रँक मिळतो. स्वस्तात जास्त हॉर्सपॉवर हवी असेल तर अमेरिकेत हा सगळ्यात मळलेला रस्ता.

माझं बजेट तीन हजार डॉलर, टार्गेट 400 हॉर्सपॉवर, आणि डोक्यात किडा असा की पुढेमागे नायट्रस (जादा पॉवरसाठी इंजिनात सोडायचा वायू) लावीन म्हणून सगळं फोर्ज्डच पाहिजे. नवीन फोर्ज्ड असेंब्ली (क्रँक, रॉड, पिस्टनचा संच) घ्यायला गेलं की निम्म्याच्या वर बजेट तिथेच संपतं. आणि नेमकी तेव्हाच एक जाहिरात दिसली: 4340 जातीच्या फोर्ज्ड स्टीलचा क्रँक, रॉड, 30 थाऊ ओव्हरसाइझ पिस्टन, सगळं बॅलन्स केलेलं, कधीच न वापरलेलं, 1,150 डॉलर. वर 4 बोल्ट मेनचा (क्रँक धरणाऱ्या कॅपला चार-चार बोल्ट असलेला) ब्लॉक 400 डॉलरला. बायको गॅरेज रिकामं कर म्हणतेय म्हणून विकतोय म्हणे. हे वाक्य वाचलं की माणूस उगाचच हळवा होतो, आपल्याही घरी तेच चालू असतं ना.

माणूस इंडियानाहून आला, भेट कुठे तर हायवेच्या पेट्रोल पंपावर, संध्याकाळी. साठीच्या आसपासचा, एकदम गोड बोलणारा, इंडियातून आलास का, तुमच्याकडचं जेवण मला फार आवडतं वगैरे. मी अगदीच बावळट नव्हतो हां. ब्लॉकचा कास्टिंग नंबर टॉर्च मारून पाहिला, 3970010, त्या काळातला प्रसिद्ध 350 चा नंबर, आणि मेन कॅपला चार चार बोल्टही होते. आणि तिथेच मी फसलो, कारण एक गोष्ट खरी निघाली म्हटल्यावर बाकीचं मी तपासलंच नाही. क्रँक ग्रीस फासून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, तो म्हणाला उघडू नकोस, गंज धरेल. बॉक्सवर चांगल्या कंपनीचं लेबल, त्यावर फोर्ज्डचा पार्ट नंबर. मी नंबर फोनवर टाकून पाहिला, बरोबर निघाला. अरे पण लेबल बॉक्सचं होतं, आतल्या मालाचं थोडंच!

मशीन शॉपवाल्या म्हाताऱ्याने पहिल्यांदा ब्लॉकमध्ये बोअर गेज घातला आणि माझ्याकडे बघून विचारलं, हा स्टँडर्ड बोअर आहे असं तुला कोण बोललं? बोअर 4.060 इंच. म्हणजे 60 थाऊ आधीच मारलेला, आणि माझे पिस्टन 4.030 चे! ते त्या सिलेंडरमध्ये अक्षरशः खुळखुळले असते. 60 चे पिस्टन घेतले तर 388 क्युबिक इंच होईल म्हणाला, पण भिंती किती उरल्यात ते सोनिक टेस्ट (ध्वनिलहरींनी जाडी मोजणं) केल्याशिवाय मी हात लावणार नाही. आठही सिलेंडरला स्लीव्ह (आतून बसवायची नवी नळकांडी) मारायच्या तर ब्लॉकच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त.

मग क्रँक. त्याने ग्रीस पुसलं, बोटाने दाखवलं. फोर्जिंगमध्ये दोन डाय जिथे मिळतात तिथली पट्टी रुंद असते, अर्ध्या इंचाच्या पुढे, कारण वरचा फ्लॅश (डायमधून बाहेर आलेला जादा धातू) कापलेला असतो. ओतीव क्रँकवर साच्याची रेघ बारीक, दोऱ्यासारखी. माझ्या क्रँकच्या काउंटरवेटवर (तोल सांभाळणाऱ्या वजनांवर) ग्राइंडर मारून वर काळा रंग दिलेला, पण आतल्या अडचणीच्या जागेत ग्राइंडर पोचला नव्हता, तिथे ती दोऱ्यासारखी रेघ जशीच्या तशी. आणि हो, लोहचुंबकाने तपासू असं कोणाला वाटत असेल तर उपयोग नाही, दोन्हीला चिकटतं. बॅलन्स केल्याचा कागद कुठाय हेही त्याने विचारलं, बॅलन्स करणारा बॉबवेट (पिस्टन-रॉडच्या जागी लावलेलं वजन) लिहून देतो म्हणे. माझ्याकडे कुठला कागद? मला तो मागायचा असतो हेच ठाऊक नव्हतं.

त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना इंजिनातलं फार नाही पण लोखंडातलं कळतं. म्हणाले, क्रँक टांगून ठेव आणि हातोडीने हलकं वाजव. मी दोरीला टांगून टक केलं. दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, "बाळ, ह्यो ओतीव हाय. फोर्जिंग घंटेगत वाजतंय. तू आमच्या शेडात काय बघत होतास रे एवढी वर्षं?"

विकणाऱ्याला फोन केला तर नंबर ब्लॉक. ओहायोत स्मॉल क्लेम्स कोर्टात 6,000 डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, पण लावायचा कोणावर? पावती नाही, पत्ता नाही, गाडीचा नंबर नाही, आणि जाहिरातीत खाली बारीक लिहिलेलं की आहे तसं विकतोय.

आता सगळ्यात जास्त झोंबणारी गोष्ट. म्हाताऱ्याने विचारलं तुला पॉवर किती हवीय. मी म्हटलं 400, रोडवर चालवायला. तो म्हणाला मग फोर्ज्डच्या मागे कशाला लागलास, सहा हजार आरपीएमच्या आत 400 ला चांगला कास्ट क्रँक मजेत चालतो, खरे पैसे सिलेंडर हेडवर (ब्लॉकवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) घालायचे असतात, पॉवर तिथून येते. म्हणजे मला फोर्ज्डची गरजच नव्हती! 1996 पासूनच्या शेवरोले ट्रकवर येणारे व्होर्टेक हेड मी शेवटी जुन्या बाजारातून घेतले, पण या वेळी आधी क्रॅक टेस्ट, मग पैसे, कारण ते हेड एक्झॉस्ट सीटपाशी (धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह टेकतो तिथे) चिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. विकणारा कुरकुरला, मी म्हटलं मग ठेव तुझ्याकडेच. तयार झाला.

तोच ओतीव क्रँक मोजून, चिरा तपासून, नीट बॅलन्स करून दुसऱ्या ब्लॉकमध्ये बसवलाय, रॉडचे बोल्ट खाली ब्लॉकला लागत होते तिथे घासून जागा केली. बजेट तीन हजारांवरून पावणेपाच हजारांवर गेलंय आणि इंजिन अजून स्टँडवरच आहे. खिशात आता कॅलिपर असतो, बायको म्हणते भाजी आणायलाही घेऊन जा.

परवा तीच जाहिरात परत दिसली. फोटो तोच, बॉक्स तोच, मागे हिरवं लॉन मोअर आणि निळी ताडपत्री. भाव आता 1,250.