शेवटून पहिली : ठाण्यातील एका नवशिक्या ट्रेक-वर्गाचे परीक्षण

२०१६ साली बोल्डरिंगच्या (दोराविना कमी उंचीच्या भिंतीवर चढण्याच्या खेळाच्या) विश्वचषकाची एक फेरी नवी मुंबईत भरली होती. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून मी ती पाहायला गेले, २०१७ साली पुन्हा गेले, आणि दोन्ही वेळा परतताना आपणही कधीतरी डोंगरात जायचे असे मनाशी ठरवले. तो 'कधीतरी' उजाडायला मला वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागली. दिवाळीनंतर ठाण्यातील एका छोट्या संस्थेने 'आजवर एकही ट्रेक न केलेल्यांसाठी' म्हणून घेतलेल्या वर्गात मी नाव नोंदवले, त्याचे हे परीक्षण. संस्थेचे नाव येथे दिलेले नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत, त्या मी त्यांना समक्ष सांगितल्या आहेत आणि सुधारणेसाठी त्यांना थोडा अवधी मिळावा असे मला वाटते.

शुल्क २,४०० रुपये होते आणि त्यात तीन गोष्टी होत्या: गुरुवारी संध्याकाळी नौपाड्यातील एका वर्गखोलीत दोन तासांची बैठक, त्यानंतरच्या शनिवारी पहाटे उपवन ते येऊरचे फाटक असा चालण्याचा सराव, आणि पुढच्या रविवारी नेरळजवळच्या पेबचा, म्हणजेच विकटगडाचा, एक दिवसाचा ट्रेक. लोकलचे तिकीट ज्याचे त्याने काढायचे होते.

बैठकीत आम्ही बावीस जण शाळेच्या बाकांवर गुडघे आखडून बसलो होतो. किल्ल्यांची छायाचित्रे दाखवून सुरुवात होईल अशी माझी अटकळ होती, परंतु प्रशिक्षकांनी प्रत्येकाच्या हाती एक कोरी चिठ्ठी दिली आणि नाव न घालता 'आजवर का आलो नाही' एवढेच लिहायला सांगितले. मग त्यांनी त्या चिठ्ठ्या एकेक करून वाचून दाखवल्या. उंचीची भीती वाटते, असे लिहिणारे फक्त तिघे निघाले. बाकीच्या चिठ्ठ्यांत गुडघा होता, शनिवारची न मिळणारी सुट्टी होती, रविवारचा स्वयंपाक कोण करणार हा प्रश्न होता, 'सगळे कॉलेजचे असतील' हा संकोच होता, आणि एका गृहस्थांनी पोहता येत नाही असे कारण दिले होते, ज्याचा किल्ल्याशी काय संबंध हे शेवटपर्यंत कळले नाही. माझ्या चिठ्ठीवर 'माझ्यामुळे बाकीच्यांना थांबावे लागेल' असे लिहिले होते. प्रशिक्षकांनी ती वाचली आणि पुढे तशाच अर्थाच्या आणखी चार वाचल्या.

त्या संध्याकाळी मला जे उमगले, त्यासाठी मी या वर्गाला पैकीच्या पैकी गुण देईन. साहसी प्रवासाला न जाणाऱ्या माणसाला आपण सहज भित्रा ठरवतो आणि तोही स्वतःला तसेच समजू लागतो. प्रत्यक्षात त्याला भीतीपेक्षा लाज अधिक अडवत असते: धाप लागल्याची लाज, घसरून बसल्याची लाज, आणि वीस जण खडकावर बसून आपली वाट पाहत आहेत, हे दृश्य खालून वर चढताना पाहावे लागण्याची लाज. कड्यावरून खाली पाहू नका, असे भीतीला सांगता येते. लाजेला काय सांगणार?

संस्थेने सांगण्यापेक्षा चालण्याची पद्धतच बदलली, आणि ती शनिवारी येऊरच्या चढावर मला प्रथम दिसली. उपवन तलावापासून फाटकापर्यंतचा रस्ता ठाणेकरांच्या रोजच्या पायाखालचा आहे, त्यामुळे परीक्षा वाटावी असे त्यात काही नव्हते. चढताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले तर वेग बरोबर आहे, शब्द तुटू लागले तर तो कमी करायचा, एवढीच कसोटी होती. माझे शब्द पहिल्या वळणावरच तुटले. तेव्हा त्या तरुण लीडरने मला मागून काढून रांगेत दुसऱ्या क्रमांकावर, थेट स्वतःच्या पाठीशी उभे केले आणि म्हणाला, "ताई, आता सगळे तुमच्या वेगाने चालतील." (त्याने 'काकू' म्हटले नाही, याचीही नोंद व्हावी.) सर्वात हळू चालणारा माणूस शेवटी राहिला की अंतर वाढतच जाते. तोच पुढे असला की रांग तुटत नाही.

दुसरा नियम विश्रांतीचा होता. एरवी कोणत्याही सहलीत पुढचे लोक थांब्यावर पोहोचून पाणी पितात, छायाचित्रे काढतात, आणि मागचा माणूस धापा टाकत येऊन टेकतो तोच "चला" म्हणून उठतात. म्हणजे सर्वात दमलेल्यालाच विश्रांती मिळत नाही. येथे पाच मिनिटांची मोजणी शेवटचा माणूस बसल्यावर सुरू होत असे. पेबच्या चढावर, विजेच्या मनोऱ्यांच्या पुढे जेथे वाट उभी होते, तेथे मला या नियमाचे मोल कळले.

पेबची निवडही विचारपूर्वक केलेली वाटली. पहाटेच्या कर्जत लोकलने ठाण्याहून थेट नेरळला उतरता येते, चढ दमवणारा असला तरी बराचसा सावलीतून आहे, आणि वरच्या टप्प्यात कातळ व लोखंडी शिड्या असल्याने साहसाची चवही मिळते. गडावरून पलीकडे उतरले की माणूस माथेरानच्या छोट्या गाडीच्या रुळांपाशी निघतो आणि दस्तुरी नाक्यावरून सामायिक टॅक्सीने नेरळला परत येतो. ज्याचा गुडघा उतारावर कुरकुरतो, त्याला आल्या वाटेने उतरावे लागत नाही, हा यातला मोठा फायदा.

शिडीपाशी मात्र संस्थेची पहिली उणीव उघडी पडली. नवशिक्यांना हार्नेस (कमरेला व मांड्यांना आवळायचा सुरक्षा-पट्टा) घालून, सुरक्षा-दोरात अडकवूनच शिडी चढवायची, ही त्यांची शिस्त योग्यच आहे. माझ्या कमरेचा पट्टा आवळून झाल्यावर लीडरने कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, हातात देऊन त्यावर कोरलेला २२ केएन (किलोन्यूटन) हा आकडा वाचायला लावला आणि ही कडी सुमारे दोन हजार दोनशे किलो वजनाइतका ताण सोसते, असे समजावले. मग तिचे स्क्रू-झाकण फिरवून बंद करायला आणि बोटाने दाबून ते खरोखर बंद झाले का हे पाहायलाही मलाच सांगितले. त्या थंडगार कडीने माझ्या मनाला जो धीर दिला, तो कोणत्याही 'तुम्ही करू शकता' छापाच्या भाषणाने दिला नसता. परंतु बावीस माणसांमागे हार्नेस दोनच होते. प्रत्येक जण वर गेल्यावर हार्नेस दोराने खाली यायचे, पुन्हा ढिले करायचे, पुन्हा आवळायचे. आम्ही शिडीखाली तब्बल दीड तास ताटकळलो, आणि वाट पाहता पाहता तिघांचा धीर खचला हे मी डोळ्यांनी पाहिले. पुढे वेळापत्रक कोलमडले, रुळांपाशी पोहोचेपर्यंत सूर्य मावळला, आणि साडेसहाला घरी येते असे सासूबाईंना सांगून निघालेली मी रात्री पावणेदहाला पोहोचले. घरच्यांची परवानगी हा ज्यांच्या वाटेतला खरा अडसर असतो, त्यांच्यासाठी परतीची चुकलेली वेळ ही किरकोळ बाब नव्हे. पुढच्या वेळी ती परवानगी मागताना हाच दिवस पुढे ठेवला जातो.

सोबत आणायच्या वस्तूंची यादी सतरा कलमांची होती, पण वाटेत स्वच्छतागृह कोठे आहे याचा तीत उल्लेख नव्हता. बैठकीनंतर मी विचारले, तेव्हा महिला प्रशिक्षकांनी बायकांना बाजूला घेऊन सगळे नीट सांगितले: नेरळ स्थानकानंतर थेट माथेरानच्या बाजूला, मध्ये आडोसा कोठे आणि सोबत काय ठेवायचे. सांगितले ते उत्तम, परंतु विचारल्याशिवाय सांगितले नाही. जिला विचारायला संकोच वाटतो ती घरीच राहते, आणि हा वर्ग तर नेमका तिच्यासाठीच काढलेला आहे. बुटांबाबत मात्र यादी प्रामाणिक होती. महागड्या परदेशी बुटांचा आग्रह न धरता, सह्याद्रीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेले ॲक्शनचे ट्रेकिंग बूट पुरेत, असे तीत स्पष्ट लिहिले होते.

कागदपत्रांबाबत अनुभव संमिश्र आहे. राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ते प्रमाणपत्र मागताच त्यांनी दाखवले. डोंगरात अडकलेल्यांच्या बचावकार्याचा समन्वय करणाऱ्या महाराष्ट्र माउंटेनीअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांकही प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवून घेतला. विम्याविषयी मात्र 'तसे काही होत नाही' एवढेच उत्तर मिळाले आणि सर्व जबाबदारी झटकणाऱ्या संमतिपत्रावर सही घेतली गेली. शेवटी घरी येऊन मी स्वतःची आरोग्य विम्याची पॉलिसी काढून वाचली. साहसी खेळांतील दुखापतीचा खर्च मिळणार नाही, असे तीत आहे खरे, परंतु तो अपवाद अशा खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरता आहे. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या मसुद्यातच तसे शब्द आहेत. वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून त्या स्वतंत्रपणे पाहाव्यात. हे दोन वाक्यांत सांगता येण्यासारखे होते आणि आमच्यापैकी निदान दोघांच्या घरचा विरोध त्याने मावळला असता.

एकंदरीत, पैसे वसूल झाले का? माझे झाले. मात्र ज्यांना उंचीचीच भीती आहे त्यांनी, हार्नेसची संख्या वाढेपर्यंत, हा वर्ग निवडू नये, कारण शिडीखाली दीड तास वर पाहत उभे राहणे हे त्या भीतीवरचे औषध नाही. तरुण आणि चपळ मंडळींना माझ्या वेगाने चालणे कंटाळवाणे वाटेल, त्यांच्यासाठी ठाण्यात इतर पुष्कळ पर्याय आहेत.

त्याच संस्थेच्या पुढच्या महिन्यातील कर्नाळ्याच्या ट्रेकसाठी मी नाव दिले आहे. पैसे भरण्यापूर्वी हार्नेस आता किती आहेत, एवढे मात्र फोन करून विचारून घेतले. पाच आहेत.