आठ महिने एकाच सीटवर: कणकुंबीपर्यंत बूड शाबूत

दसऱ्याला घेतलेलं सायकलचं सीट आता पावसाच्या तोंडावर आठ महिन्यांचं झालं. रविवारी पहाटे बेळगावजवळच्या पिरनवाडीहून जांबोटी रस्त्याला लागायचं, किणयेच्या पुढं कुठंतरी डांबर सोडून लाल मातीच्या गाडीवाटेत शिरायचं आणि उन्हं चढायच्या आत घरी, असा माझा क्रम. मधल्या वारी जमलं तर राकसकोप, नाहीतर येळ्ळूरचा राजहंसगड. वय ४७, वजन ८२ किलो, दिवसभर खुर्चीतली नोकरी. म्हणजे बूड तसं सरावलेलं, असा माझा समज होता.

सायकलीबरोबर आलेलं सीट सोफ्यासारखं होतं. दुकानात बसून बघितलं तेव्हा किती बरं वाटलं! तासाभरानं मांड्यांच्या मधे मुंग्या यायला लागायच्या, आणि जांबोटीला उतरलो की लघवीच्या जागेला काही कळायचंच नाही. हे कुणी उघड बोलत नाही, पण सायकलवाल्या निम्म्या पुरुषांनी हे कधी ना कधी भोगलेलं असतं. मी त्यावर इलाज काय केला, तर वरनं जेलचं कव्हर चढवलं. आणखी मऊ, आणखी त्रास. भरीला कव्हरची नाडी सैल होऊन ते चढावर डावीउजवीकडं सरकायचं, ते वेगळंच.

शहापुरातल्या सायकल दुरुस्तीवाल्या आण्णांनी कव्हर काढून माझ्या हातात दिलं. "गाद्या बदलून काय होतंय सर? हाडं कुठं टेकतात ते बघा की आधी." बसताना वजन पेलायला ढुंगणाखाली दोन हाडं असतात. सीट फार मऊ असलं की ती आत रुततात, मधला भाग वर येतो आणि नेमक्या तिथल्या नसांवर दाब पडतो. म्हणून मुंग्या.

मग घरी जिन्याच्या पायरीवर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवला, त्यावर पाय जरा उचलून, पुढं वाकून मिनिटभर बसलो. बायको म्हणाली, "अंडी उबवताय काय?" पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले. त्यांच्या मध्यातलं अंतर १२४ मिलिमीटर भरलं. सीट त्याहून अडीच-तीन सेंटिमीटर रुंद लागतं, या हिशोबानं १५५ चं घेतलं. मधे लांबट खाच, गादी पातळ, हाताला चक्क कडक.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. पण दुखायचं ते हाडाखाली, ठेच लागल्यासारखं, मुंग्या नाहीत. हा फरक ओळखायला शिका. हाडाखालचं दुखणं सवयीनं जातं, बधिरपणा मात्र सहन करत बसू नये. जागेवरच थांबावं आणि काहीतरी बदलावं.

बदलायचं म्हणजे बहुतेक वेळा सीटचा कल. यात मी महिनाभर चुकलो. मोबाईलवरचं लेव्हल लावून सीट अगदी सपाट केलं, तरी पुढं घसरतोय, सगळा भार तळहातांवर येतोय. कुसमळीला पोचेस्तोवर करंगळ्या बधिर. नंतर डोक्यात प्रकाश पडला, की सायकल उभी केली होती घराच्या सोप्यात, आणि सोप्याच्या फरशीला पाणी जायला उतार असतो! सीट फरशीपुरतं सपाट होतं, रस्त्यावर नाकाड खाली. आतल्या खोलीत सायकल नेऊन परत लावलं, अर्धा-एक अंशाचाच फरक, आणि हात मोकळे झाले. उंचीचं सोपं आहे: टाच पॅडलवर ठेवून ते तळाशी नेल्यावर पाय जेमतेम सरळ व्हावा. म्हणजे चवड्यानं चालवताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट जास्त उंच झालं तर कंबर दोन्हीकडं डुलते आणि कातडी सोलवटते.

सायकलसाठी बुडाला पॅड शिवलेली चड्डी येते, तिच्याखाली दुसरी चड्डी घालायची नसते. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, शिवणीचे वळ उठल्यावर कळलं. लांब पल्ल्याला मांडीच्या सांध्यात थोडी व्हॅसलीन. चड्डी आल्या आल्या धुवायची. पावसाळ्यात आमच्याकडं ती दोन दिवस वाळत नाही, म्हणून दुसरी घ्यावीच लागली.

आणि एक गोष्ट सीटची नाही, पण सीटइतकीच कामाची: टायरची हवा. ४५ पीएसआय भरून मी जांभ्या दगडाच्या वाटेवर जायचो, प्रत्येक धोंडा मणक्यात मोजायचो. ३० वर आणली आणि निम्मे हादरे गेले. बाकी दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहायचं, खडबडीत जागी बूड सीटपासून दोन बोटं वर ठेवायचं. बसूनच सगळं झेलायचं म्हटलं तर सीट कितीही महाग असो, काही खरं नाही.

आता तक्रारी. लाल धूळ सीटखालच्या क्लॅम्पमध्ये जाते आणि चढावर जुन्या पलंगासारखी कुरकुर सुरू होते. दर महिन्याला खोलून, पुसून, ग्रीस लावून आवळावं लागतं. भिंतीला टेकवून टेकवून एक कोपरा उसवला. आणि त्या खाचेतनं ओल्या रस्त्यावर मागच्या चाकाचा चिखल थेट वर येतो. परवाच्या वळवानं हा साक्षात्कार घडवला. मागं मडगार्ड लावल्याशिवाय पावसात नेऊ नका.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. कणकुंबीला जाऊन, मलप्रभेच्या उगमावर पाय धुऊन परत, मधल्या कच्च्या वाटा धरून दिवसाअखेर ९५ किलोमीटर. परतताना जांबोटीत चहा घ्यायला लाकडी बाकड्यावर बसलो आणि चहा अर्धा संपल्यावर ध्यानात आलं, की बसताना मी कण्हलो नव्हतो. मांड्या मात्र पार गेल्या होत्या. त्याला सीट काय करणार?

गेल्या रविवारी भाच्यानं सायकल नेली आणि तासाभरात तोंड वाकडं करून आणून लावली. "मामा, धोंड्यावर बसल्यागत होतंय की हे!" पोरगा अंगानं काडी, त्याच्या हाडांचं माप माझं कसं असेल? पुठ्ठा काढून दिलाय. जिन्यावर बसलाय.