संगणकशास्त्र थेट मागावे की दुसऱ्या विषयातून आत शिरावे?

अमेरिकेत अर्जावर लिहिलेल्या विषयाचे वजन विद्यापीठागणिक बदलते. एमआयटी पदवीचा प्रवेश विषयानुसार देत नाही आणि विषय पहिल्या वर्षाच्या अखेरीस ठरतो, त्यामुळे तिथे संगणकशास्त्राची आवड कळवल्याने दार अरुंद होत नाही. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मात्र अ‍ॅलन स्कूलचे, म्हणजे तिथल्या संगणकशास्त्र विभागाचे, बहुतेक विद्यार्थी प्रवेशाच्या वेळीच थेट निवडले जातात. अर्जदार प्रचंड, जागा मोजक्या आणि राज्याबाहेरच्यांसाठी चुरस अधिक तीव्र. थेट अर्ज केल्यास नकाराची शक्यता मोठी, परंतु निवड झाली की जागा पक्की.

वॉशिंग्टन विद्यापीठात भाषाशास्त्र किंवा इतिहास लिहून आत जाणे तुलनेने सोपे, हे खरे आहे. मात्र नंतर संगणकशास्त्राकडे वळण्याची वाट तिथे इतकी अरुंद आहे की तिच्या भरवशावर चार वर्षांचे परदेशी शुल्क भरणे मला जुगारच वाटतो. शिवाय आपल्याकडच्या केंद्रीय प्रवेशाच्या कॅप फेरीत शाखा का हवी हे कुणी विचारत नाही (गुण बोलतात), तर अमेरिकेत अर्जभर प्रोग्रॅमिंग आणि विषय इतिहास ही विसंगती वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. भाषाशास्त्राची पदवी पूर्ण करण्याची खरोखर तयारी असेल, तरच हा दुसरा मार्ग विचारात घ्यावा. तशा विद्यार्थ्यासाठी इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन संकुलातील संगणकशास्त्र आणि भाषाशास्त्र यांची संयुक्त पदवी अधिक प्रामाणिक ठरते, अर्थात तिथेही चुरस आहेच.