विद्यापीठापासून साडेतीन किलोमीटर: नऊ महिने राहिल्यानंतरचा अनुभव

खोली बघायला मी गेले ती रविवारी सकाळी अकराला. तिथेच फसले. त्या वेळी कुठलीही वस्ती शहाण्या मुलासारखी वागते. रस्ता मोकळा, खिडकीत ऊन, भाडं विद्यापीठालगतच्या खोल्यांपेक्षा बरंच कमी. नकाशा म्हणाला, बसने अठरा मिनिटं. मी डिपॉझिट भरून मोकळी.

ती अठरा मिनिटं कुणाची, हे पहिल्या आठवड्यात कळलं. घरापासून थांब्यापर्यंत सात मिनिटं. बस दर वीस मिनिटांनी, म्हणजे वेळापत्रक न बघता गेलं तर सरासरी दहा मिनिटं उभं राहायचं; त्यात दोन बस एकामागोमाग येऊन गेल्या की पुढचा खंड आणखी लांबतो. बसमध्ये चौदा मिनिटं. आणि उतरल्यावर मुख्य फाटकापासून आमच्या विभागापर्यंत नऊ मिनिटं, जी कुठल्याच जाहिरातीत धरत नाहीत. ‘विद्यापीठापासून अमुक अंतरावर’ म्हणजे फाटकापासून. तास फाटकात भरत नाहीत. एकूण चाळीस. माझी मैत्रीण पावणेदोन किलोमीटरवर राहते, चालत बावीस मिनिटांत वर्गात असते. दोन्ही वेळचं धरलं तर रोज छत्तीस मिनिटांचा फरक, पाच दिवसांचे तीन तास. भाड्यात वाचलेले पैसे मी या तीन तासांनी भागून पाहिले होते. सौदा अगदीच वाईट नव्हता, हेही कबूल करते.

पण खरा घोटाळा सकाळचा नाहीच, रात्रीचा आहे. ग्रंथालय अकराला बंद होतं आणि आमच्या बाजूची शेवटची बस नऊ चाळीसला. म्हणजे सव्वानऊपासून माझं अर्धं लक्ष घड्याळात. गटाने करायचं काम असलं की सगळे रंगात आलेले असतात तेव्हाच मी बॅग भरत असते. एकदा बस चुकली आणि चालत निघाले. पाऊण तासाची वाट, त्यात कुंपणाच्या भिंतीला लागून एक लांबलचक पट्टा आहे, जिथे दुकान नाही, खिडकी नाही, दिवे एक आड एक बंद. दिवसा तिथून शंभरदा गेले असेन, ती भिंत कधी डोळ्यात भरली नव्हती. घरी पोचेपर्यंत किल्ली मुठीत धरून तळहातावर तिचे दाते उमटले होते. तेव्हापासून कुणी विचारलं की मी एवढंच सांगते: घर बघायला जायचं तर एकदा रात्री साडेदहाला जा, आणि विद्यापीठाकडून घराकडे जा. उलट नाही.

आवाजाचंही तसंच. खाली एक गाळा आहे, रविवारी बंद. सोमवारी पहाटे साडेपाचला शटर वर गेलं आणि मी अंथरुणात उठून बसले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची शिफारस घराबाहेर सरासरी ४० डेसिबल अशी केली होती. मोबाईलवरचं मोजमाप काटेकोर नसतं, पण माझ्या खिडकीत आकडा साठच्या खाली उतरत नव्हता, आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आता पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवलाय, कानात बोळे घालते. सवय होते म्हणतात. मला नऊ महिन्यांत अर्धीच झाली.

खोली पश्चिमेची आणि वरच्या मजल्यावरची. उन्हाळ्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता आत सोडतो. ज्या सुंदर उन्हावर मी भाळले होते, तेच हे. अकराच्या सुमाराला ते समोरच्या भिंतीवरून परावर्तित होऊन येत होतं, हे नंतर लक्षात आलं.

मग चांगलं काय? ही विद्यार्थ्यांची वसाहत नाही, माणसांची वस्ती आहे. सुट्टी लागली की मैत्रिणीची गल्ली ओस पडते, निम्मी दुकानं बंद. इथे सगळं चालू असतं. मला ताप आला तेव्हा दोन दिवस जिन्यात दिसले नाही म्हणून खालच्या आजींनी दार वाजवलं. त्यांना माझं नाव तेव्हा माहीतही नव्हतं, ‘वरची मुलगी’ एवढंच.

करारनाम्याबद्दल थोडक्यात: तिघींचा एकच करार असेल तर एकीने मध्येच सोडल्यावर तिचा वाटा कुणी भरायचा, हे सही करण्याआधी वाचा. आमच्यातली एक चौथ्या महिन्यात गेली. कलम स्पष्ट होतं, आम्ही वाचलं नव्हतं. राहायला आल्या दिवशी भिंतींचे फोटो काढले होते, तेवढं एक शहाणपण.

करार संपायला दोन महिने आहेत. मैत्रिणीच्या गल्लीत एक खोली रिकामी होतेय, लहान आणि महाग. काल रात्री पावणेअकराला तिथून चालत जाऊन आले. दिवे सगळे चालू होते. आजींना अजून सांगितलेलं नाही.