व्हीप्लॅनेट: ग्रहाच्या भूतकाळाचा हिशेब मांडणारे सॉफ्टवेअर

एखादा ग्रह ताऱ्याच्या वास्तव्ययोग्य पट्ट्यात, म्हणजे पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा अंतरावर आहे एवढ्यावरूनच तेथे जीवसृष्टी शक्य असल्याचे मानले जाते. ही घाई कोठे चुकते हे आकड्यांनिशी दाखवणारे व्हीप्लॅनेट हे सॉफ्टवेअर मला म्हणूनच मोलाचे वाटते. वॉशिंग्टन विद्यापीठातील रोरी बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केले असून ते विनामूल्य आहे व त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे. ताऱ्याची उत्क्रांती, भरती-ओहोटीची बले, कक्षेतील बदल, वातावरणाची गळती, ग्रहाच्या पोटातील उष्णता यांसाठी स्वतंत्र विभाग आहेत आणि त्यांपैकी हवे तेवढेच जोडून चालवता येतात.

या जोडणीचे महत्त्व प्रॉक्सिमा सेंटॉरी बी या ग्रहाबाबत विशेष जाणवते. ४.२ प्रकाशवर्षांवरील हा ग्रह २०१६ मध्ये जाहीर झाला, तो ११.२ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि पृथ्वीला मिळणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा त्याला मिळते. आजचे हे चित्र आशादायक आहे. परंतु त्याचा तारा लाल बटू, म्हणजे लहान व मंद प्रकाशाचा आहे आणि असे तारे बाल्यावस्थेत पुष्कळ अधिक तेजस्वी असतात, त्यामुळे तारा आणि वातावरणगळती हे दोन विभाग एकत्र चालवून गणित ताऱ्याच्या जन्मापासून सुरू केले, की ग्रह याच कक्षेत असूनही पहिली दहा कोटींहून अधिक वर्षे त्याने अतितप्त अवस्थेत काढली असावीत असे दिसते. त्या काळात अतिनील किरणांमुळे वाफेचे विघटन होऊन हायड्रोजन अवकाशात निसटतो, तर ऑक्सिजनचा मोठा भाग मागे उरू शकतो. सुरुवातीचे पाणी किती धरले यावर ग्रह कोरडा ठरतो की समुद्र टिकतो हे अवलंबून असते. आणि उद्या तेथे ऑक्सिजन सापडलाच, तर तो सजीवांनीच निर्माण केला असे म्हणता येणार नाही, हेही याच गणितातून निघते.

व्हीप्लॅनेटला माहिती साध्या मजकूर-फायलींतून द्यावी लागते. वस्तुमानापुढे उणे चिन्ह दिले तर तो आकडा पृथ्वीच्या पटीत धरला जातो, अन्यथा मुख्य फायलीत नेमलेल्या एककात. नवख्याला गोंधळात टाकणारी ही पद्धत मला गैरसोयीची वाटते.

हवामानाचा विभाग मात्र अपुरा आहे. तो अक्षांशांच्या पट्ट्यांवर सरासरी काढतो आणि ग्रह वेगाने स्वतःभोवती फिरतो असे गृहीत धरतो. ज्याची एकच बाजू सतत ताऱ्याकडे असते, अशा ग्रहावरील ढग आणि वारे समजून घेण्यासाठी त्रिमितीय हवामान-प्रतिमानच वापरावे लागते.