नकाशा छापायचा तर ड्रॉइंगवाल्याकडेच

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या मंडळींना घेऊन मी गेली अकरा वर्षं डोंगरात जाते. दहा-बारा जण असतात, त्यात साठी ओलांडलेल्या दोन मावशी आणि तीन-चार शाळकरी मुलं. वाटेचा जीपीएस ट्रॅक सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतो. पण भीमाशंकरच्या वाटेवर पदरगड किल्ल्याच्या अंगाला ढग उतरले, फोन भिजला की हातात कागदच हवा. तो कागद नीट छापून देणारं दुकान मला फोर्टात, ऑफिसच्या मागच्या गल्लीत सापडलं. त्याला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. का, ते सविस्तर सांगते.

आधी नकाशा मिळवण्याचं. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा, मुख्यालय डेहराडूनला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात आपल्यासारख्यांसाठी ओपन सिरीज, म्हणजे सर्वांना खुली नकाशांची मालिका, वेगळी काढली गेली. १:५०,००० च्या त्या शीट विभागाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नोंदणी करून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. ही सोय माझ्या मते सोन्यासारखी आहे आणि कितीतरी ट्रेकर्सना तिचा पत्ताच नाही. नंबरांत मात्र गोंधळू नका. जुनी मंडळी भीमाशंकरच्या शीटला ४७ ई/१२ म्हणतात, ओपन सिरीजमध्ये तीच ई४३बी१२. चढाई जिथून सुरू होते ते पायथ्याचं खांडस गाव तिच्या पश्चिमेच्या शीटवर, म्हणजे ८ नंबरच्या. एका ट्रेकला दोन शीट लागल्या.

गेल्या वर्षी त्या दोन्ही मी स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतल्या. रंग छान, कागद गुळगुळीत. खांडसहून भीमाशंकरला गणेश घाटाच्या वाटेने चढताना दुपारी पट्टी लावून वाट मोजली आणि चार किलोमीटर उरले असं सगळ्यांना सांगितलं. त्या हिशेबाने आम्ही निवांत जेवलो. चार किलोमीटर झाले तरी पठाराचा पत्ता नव्हता. देवळापाशी पोचेपर्यंत मिट्ट काळोख, दोनच बॅटऱ्या आणि एका मावशींचा गुडघा धरलेला. घरी येऊन नकाशाखालच्या स्केलपट्टीवर फूटपट्टी ठेवली. १:५०,००० ला एक किलोमीटर म्हणजे दोन सेंटीमीटर. माझ्या कागदावर तो भरला चौदा मिलिमीटर! ए१ मापाची शीट त्याने ‘फिट टू पेज’ करून ए२ वर बसवली होती. म्हणजे सगळं सत्तर टक्क्यांवर आलं आणि माझे चार किलोमीटर प्रत्यक्षात साडेपाचच्या वर होते. त्या अंधारातल्या दीड तासाची मला अजून रुखरुख आहे. माझ्या शब्दावर माणसं चालत होती.

फोर्टातलं दुकान आर्किटेक्ट आणि इंजिनिअर लोकांची ड्रॉइंग काढतं. काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवला तर दादांनी पहिलाच प्रश्न केला, “ताई, स्केलला काढायचंय ना?” हा प्रश्न मला आजवर कुठल्याच दुकानात कोणी विचारला नव्हता. सेटिंग ‘अ‍ॅक्च्युअल साइज’वर, १०० टक्के. प्लॉटरमधून, म्हणजे मोठी ड्रॉइंग काढणाऱ्या प्रिंटरमधून, कागद सरकत बाहेर आल्यावर त्यांनी तो न सांगता टेबलावर पसरला आणि स्टीलची पट्टी स्केलपट्टीवर ठेवली. पाच किलोमीटर, दहा सेंटीमीटर. मग म्हणाले, “आडवं जमलं, उभंही बघू,” आणि नकाशाची डावी कड मोजली. पंधरा मिनिटांच्या अक्षांशाचे सुमारे ५५ सेंटीमीटर व्हायला हवेत, तेवढे झाले. इंचभर भिंत चुकली तर बिल्डर ओरडतो, त्यामुळे यांच्या हाताला ही सवयच असते. लग्नपत्रिका आणि बॅनर छापणाऱ्यांकडून ती अपेक्षा ठेवू नये.

एक तारा का कापला? पहिल्या प्रिंटमध्ये समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा, फिकट उमटल्या. तपकिरी रंग बारीक असतो, मशीन ‘ड्राफ्ट’वर असलं की तोच आधी मरतो. आणि आपल्याला हवा असतो तोच. दर २० मीटरला एक रेषा, दर १०० मीटरला जाड. कड्यापाशी त्या एकमेकींत मिसळून तपकिरी पट्टाच होतो. तो पट्टा जिथे जरा सैल झालाय, तिथून घाटवाट असण्याची शक्यता. फिकट प्रिंटवर हे दिसतच नाही. मी सांगितल्यावर दादांनी ‘बेस्ट’वर दुसरी काढून दिली, पैसे घेतले नाहीत. तरी ‘बेस्ट’ आधीच सांगा. ओढ्यांकडेही बघून घ्या. काळा म्हणजे उन्हाळ्यात कोरडा, निळ्यात पाणी. मे महिन्यात बाटल्या किती घ्यायच्या हे मी त्यावरून ठरवते.

प्लॉटरची शाई पाण्याने पसरते, पावसाळ्यात ती चालणार नाही. मी आता दोन्ही शीट क्यूजिस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवर बसवून जोडते, हवा तेवढा तुकडा ए३ वर काढते आणि याच दुकानात लेझरवर, न फाटणाऱ्या सिंथेटिक कागदावर छापून घेते. १:५०,००० ला ए३ वर १५ बाय २१ किलोमीटर मावतात, खांडस ते भीमाशंकर आरामात बसतं. मावशींसाठी दुप्पट करून १:२५,००० ची प्रत काढते. रेषा त्याच राहतात, पण चष्म्याशिवाय वाचता येतात. तुकडा कापताना स्केलपट्टी मात्र जवळ आणून ठेवावी, नाहीतर मोजणार कशावर? लॅमिनेशन नको, घडी मोडते आणि टॉर्चच्या उजेडात चकाकतं.

शीटवर सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असतं, ते वाचूनच निघावं. त्यानंतर झालेला रस्ता किंवा धरण त्यावर कुठून असणार?

ए३ सिंथेटिकचे माझ्याकडून ८० रुपये घेतले, पूर्ण शीटच्या रंगीत प्लॉटचे १५०. रविवारी बंद. शनिवारी दुपारनंतर ड्रॉइंगवाल्यांची रांग असते, तेव्हा गुरुवारी-शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत जा. पट्टी घरून नेली नाही तरी चालेल, दादांची असते.