फ्लिकर प्रो, वर्षभराच्या वापरानंतर: एका सोयीसाठी पुन्हा पैसे भरले

वर्गणी संपत आल्याचा मेल आला. फोटो ठेवायला वर्षाला पैसे, तेही डॉलरच्या हिशोबाने, हे मला सहज पटत नाही. तरी पुन्हा भरले.

फ्लिकर ही फोटो ठेवायची साइट बहुतेकांना माहीत आहे. २००४ सालची, मधे याहूकडे होती, २०१८ पासून स्मगमग या कंपनीकडे. फुकट खात्यात १००० फोटो, पण त्यातले खासगी फक्त ५०. घरातल्या फोटोंसाठी ही ५० ची अट म्हणजे दार बंदच. म्हणून प्रो, म्हणजे वर्गणीचं खातं, घेतलं.

माझं काम आजोबांच्या फोटोंचं. १२० चा रोल (जुन्या कॅमेऱ्यांची रुंद फिल्म), चौकोनी कृष्णधवल प्रिंट, एका रोलात बारा. प्रिंट लहान, म्हणून १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केले. पण खरी अडचण तारखेची. फोटो कधी काढला हे स्कॅनरला कुठून कळणार? सगळं घराणं आजच्या तारखेखाली गोळा होतं, आत्याचं बारसं आणि तिच्या नातवाची मुंज शेजारी शेजारी. बहुतेक ठिकाणी तारीख बदलता येते, पण दिवस, महिना, वर्ष सगळं भरा म्हणतात.

आत्याला विचारलं, "हा कधीचा गं?" ती म्हणाली, "पानशेतच्या आधीचा. पुरात तो वाडा गेला ना!" पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. फोटो त्याआधीचा, एवढंच आपल्याला ठाऊक. तिथे १ जानेवारी १९६० असं ठोकून दिलं तर ती खोटी नोंद झाली, आणि पुढची पिढी ती खरी धरून चालणार. आमच्याकडे सन कुणीच सांगत नाही. पानशेतच्या आधी, कोयनेच्या भूकंपानंतर, बहात्तरच्या दुष्काळात, अशीच भाषा. फ्लिकरवर नुसतं वर्ष देता येतं, महिना आणि वर्ष देता येतं, किंवा 'सुमारे १९६०' असंही नोंदवता येतं. एवढी साधी सोय, पण जुने फोटो हाताळणाऱ्याला तिची किंमत कळेल. मी तर तिच्यासाठीच पैसे देतोय.

फोटोखालच्या वर्णनाच्या चौकटीला सुरुवातीला मी फार महत्त्व देत नव्हतो. आता मत पार बदललंय. आत्या फोनवर जे सांगते ते तिच्याच शब्दांत तिथे उतरवतो: ओसरीवरची माणसं कोण, मागचा तांब्याचा बंब कुणाच्या माहेरचा, पुरानंतर तो चिखलातून कसा बाहेर काढला, आता कुणाकडे आहे. कॅनडातल्या चुलतभावाने ते वाचून खाली लिहिलं की वाडा शनिवार पेठेतला नव्हे, नारायण पेठेतला. त्यावरून दोन दिवस फोनाफोनी झाली आणि तीन नवीन गोष्टी बाहेर आल्या. घरच्या ग्रुपवर हेच बोलणं झालं असतं तर दुसऱ्या दिवशीच्या 'सुप्रभात'खाली गाडलं गेलं असतं. इथे ते त्या फोटोपाशीच राहतं. लग्नाच्या मोठ्या फोटोत संगणकावरून एकेका चेहऱ्याभोवती चौकट आखून नावंही लिहिता येतात.

कमतरता आहेत. मराठी इंटरफेस नाही, वर्णन मात्र देवनागरीत छान चालतं. तारखांचं काम संगणकावर बसूनच करावं, एकदम अनेक फोटोंची तारीख तिथे बदलता येते. आत्याला खातं वगैरे उघडायला लावू नका. खासगी अल्बमची 'गेस्ट पास' लिंक पाठवली की ती थेट बघते.

आणि फक्त फ्लिकरच्या भरवशावर राहू नका. मूळ स्कॅन हार्ड डिस्कवर ठेवाच. सेटिंगमधून आपला सगळा डेटा मागवता येतो, त्यात वर्णनंही येतात. ते वर्षातून एकदा उतरवून घ्या, कारण स्कॅन परत करता येईल, आत्याचं बोलणं परत मिळणार नाही.

यंदाची वर्गणी आम्ही तीन चुलत घरांनी वाटून घेतली आहे. पुढचं काम आजोळकडच्या ट्रंकेचं.